मांडीवरची गिटार

आमच्या आईची गिटार उभी धरायची नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवायची, तारा आभाळाकडे करून, तान्ह्या बाळाला तेल लावायला घ्यावं तशी. डाव्या हातात बोटाएवढी पोलादी कांडी, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. कांडी तारांवरून सरकली की एक सूर दुसऱ्यात वाहत जायचा, मध्ये पायरी म्हणून नसायची. हवाईयन गिटार म्हणतात तिला. घाटकोपरच्या टेकडीवर आमच्या चाळीत तिला ‘रडकी’ म्हणत. "ए, तुझ्या आईने रडकी काढली," असं पोरं ओरडून सांगायची आणि मी डाव अर्धा टाकून घरी पळायचे. आई वाजवायला बसली की स्टोव्हवरच्या दुधाकडे बघायचं काम माझं असे.

इतक्या वर्षांनी हे आठवलं ते एका लाटण्यामुळे.

यंदा पावसाळ्यात आईला झटका आला. हलका होता. बोलणं शाबूत राहिलं, चालणं थोड्या दिवसांत सुधारलं, डावा हात मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जेवढा हात वळेल तेवढा आपला, नंतर फार आशा धरू नका. आमची चाळ पाडून तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आई चौथ्या मजल्यावर एकटी राहते. मी मुलुंडहून एक बॅग घेऊन आले आणि तिथेच राहिले. माझी सगळी नोकरी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात झाली, त्यामुळे आजारपणही मी त्याच पद्धतीने लावून घेतलं. फ्रिजच्या दारावर कागद, त्यावर गोळ्या, रक्तदाब, चालणं, जेवण, आणि शेवटी हाताचा व्यायाम. बाकी सगळीकडे रोज खूण होई. हातापुढे होत नसे.

आई व्यायाम करायला तयारच नव्हती. थेरपीसाठी नेहा नावाची एक मुलगी दिवसाआड येते. तिने पिळायला रबरी चेंडू दिला.

"चेंडू खेळायचं वय आहे का माझं?" आई म्हणाली, आणि चेंडू शेजारच्या घरात गेला.

मग नेहाने पिळायला मऊ रबराचा गोळा आणला. त्याला हात लावून आई म्हणाली, "कणीक बरी यापेक्षा. निदान पोळ्या तरी होतात." एरवी असं काही बोलल्यावर ती स्वतःच हसली असती. आता बोलायची आणि भिंतीकडे बघत बसायची. डावा हात मांडीवर ठेवलेला असे, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.

एकदा नेहाने घरातलंच लाटणं मागितलं. "आजी, हे टेबलावर आडवं ठेवा. मूठ सैल. आता पुढे सरकवा, मागे घ्या." मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईने नाइलाजाने लाटणं पुढे सरकवलं, थांबवलं, आणि थांबल्यावर तिचं मनगट जागच्या जागी हललं, अगदी बारीक, डावी-उजवीकडे.

"थरथर होतेय. दमलात. थांबू या," नेहा म्हणाली.

ती थरथर नव्हती. कांडी हव्या त्या जागी पोचली की आई ती तशीच हलवत असे, म्हणजे सूर नुसता उभा न राहता लहरत राही. मी कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ वाढली, गिटार शोधणे.

"तुझी गिटार कुठे गं असेल?" मी जेवताना विचारलं.

"कुठली?"

"किती होत्या तुझ्या?"

"पार्टीची होती. पार्टीत राहिली." तिने ताट सरकवलं. "आणि हे बघ, कुणाकडे मागायला जाऊ नकोस. साज परत मागत नसतात."

तो नियम मला लहानपणापासून माहीत होता. आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांमध्ये ज्याने साज आणला तो साज त्याचा नसे, पार्टीचा असे. कुणी पार्टी सोडली तर पेटी असो, ढोलकी असो, मागे ठेवून जायची. एक माणूस गेला म्हणून घेतलेली सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, फिरवता येत नाही, असं त्यामागचं साधं कारण. आईने पार्टी का सोडली ते मी लिहिणार नाही, कारण मला नीट माहीत नाही. एका पावसाळ्यात गिटार कॉटखाली होती आणि पुढच्या जयंतीला नव्हती, एवढंच माझ्याजवळ आहे. तिच्या जागी आईने कांद्याबटाट्याची टोपली सरकवली होती.

पण त्याआधीच्या जयंत्या आहेत. होळी संपली की चाळीत निळा रंग दिसायला लागे. पताकांचे गठ्ठे यायचे, त्या दोऱ्याला चिकटवायला खळ शिजायची, आणि तो आंबूस वास जिन्यात दिवसचे दिवस राहायचा. विहाराच्या ओट्यावर पार्टीची तालीम चाले. पेटीवर सुखदेवमामा, ढोलकीवर शांतारामभाऊ, आणि कडेला लाकडी खुर्चीवर आई. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ नव्हे, मानलेला. गाणारा तोच. आवाज असा की पहिली ओळ उचलली की नळावरचे हंडे भरून वाहायचे आणि कुणी नळ बंद करत नसे. बाकीच्या पार्ट्यांत बेंजो असे. आमच्या पार्टीत गिटार, आणि तीही बाई वाजवते, म्हणून लांबलांबून बोलावणं येई.

ती गिटार कलकत्त्याची बनावट होती, मधे मधाळ तपकिरी आणि कडांना काळपट होत गेलेली. भायखळ्याच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडून ती आजोबांनी घेतली आणि मास्तरांच्या बायकोने आईला शिकवली, लग्नाआधी. कार्यक्रमाच्या दिवशी तिला वायर जोडून वायरीचं दुसरं टोक आवाज वाढवणाऱ्या भोंगापेटीत घालत. पेटीतल्या काचेच्या नळ्या तापल्या की त्यांच्यावरची धूळ भाजल्याचा वास येई. आईचं वाजवणं सुरू व्हायच्या आधी मला तो वास येई. ओल्या जमिनीवर वायरीतून झटके बसत, म्हणून स्टेजवर सगळे अनवाणी असताना एकट्या आईला रबरी चप्पल घालायची परवानगी होती. पांढरी साडी, निळी किनार आणि खाली जाड रबरी चप्पल. बायका त्यावरून तिला चिडवत, "राणीसाहेबांचे जोडे आले का?"

माझं काम सामान मोजायचं. टेम्पोत चढताना माइक, वायरी, स्टँड, नख्यांची डबी, कांडी. उतरताना पुन्हा तेच. मी इतकी कडक होते की सुखदेवमामा मला कंडक्टर म्हणे. "कंडक्टर, मला मोजलंस का? का राहू खाली?"

तर, मामापासून सुरुवात करायचं ठरवलं. त्याआधी विहारात जाऊन आले. तिथे आता चकचकीत लाद्या आहेत. जुनं लोखंडी कपाट होतं, त्यात सतरंज्या, मेणबत्त्यांची खोकी, एक फुटका ढोल. गिटार नव्हती. कपाट उघडल्यावर आलेल्या मेणाच्या वासाने वर्षावासाच्या संध्याकाळी मात्र आठवल्या. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत रोज एका घरी वाचन असे, कार्यक्रम बंद, आणि गिटार जुन्या चादरीत गुंडाळून कॉटखाली. दमट हवेने तारा गंजत. आई शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा एकेका तारेवरून फिरवे. तिची बोटं काळी होत आणि त्याच बोटांनी ती माझी वेणी घालायची नाही, म्हणून त्या संध्याकाळी माझे केस मोकळे असत. मला ते फार आवडे.

सुखदेवमामा भांडुपला डोंगरावर राहतो. रिक्षा अर्ध्यापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. मामा दारातच खुर्ची टाकून बसला होता. ऐंशी पार झालेला, अंगात स्वेटर, आवाज बसलेला. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"या, कंडक्टर! पिशवी बघ केवढी. तिकिटं फाडायला आलीस का?"

मी आईचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डावा?"

"डावा."

"कांडीचा हात." त्याने स्वतःचा डावा हात पेटीचा भाता ओढावा तसा हलवून पाहिला. "मग मला आत्ता का सांगतेस? पावसाळ्यात झालं ना?"

"तुमचा नंबर नव्हता."

"नंबर! भांडुपला येऊन सुखदेव पेटीवाला विचारलं असतं तर कुत्र्याने पण घर दाखवलं असतं."

मी गिटारचं विचारलं. तो मान हलवायला लागला. "साज परत मागत नाहीत, माहितीय ना? तुझी आईच सांगायची सगळ्यांना. नवीन पोरगं पार्टीत आलं की पहिला धडा तिचा."

"तिने मागितली नाही. मी मागतेय."

"तू पार्टीत होतीस का?"

"सामान मी मोजायचे."

यावर तो हसला आणि खोकला. खोकला थांबल्यावर बोटाने मला जवळ बोलावलं. "ऐक. साज परत मागायचा नसतो, पण वाजवणारी परत आली तर साज तिचाच. हा पण नियमच आहे. पार्टी संपलेली नाही. माझा गळा गेला, पण नातू गातो, नात पेटी धरते. वैशाख पौर्णिमेला विहारात खिरीच्या आधी एक गाणं आम्ही अजून करतो. तुझी आई येऊन बसते म्हण, मी सांगतो गिटार कुठाय ते."

"ती येईल," मी म्हणाले. आईला न विचारता.

"तिला विचारलंस?"

"ती येईल, मामा."

"खोटं बोलायला कधी शिकलीस?" तो म्हणाला, पण पत्ता दिला. देवनार, शांतारामभाऊंचं घर. त्यांच्या घराला मोठा माळा होता म्हणून मोठे साज तिकडे ठेवत. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्या घरात आता त्यांची मुलगी विमल आणि जावई राहतात.

शांतारामभाऊ देवनारच्या कत्तलखान्यात कामाला होते. कामावरून थेट तालमीला आले की आमच्या चाळीच्या मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात घासत, आणि मग ढोलकीला हात लावत. तो पिवळ्या साबणाचा वास आणि ढोलकीच्या शाईचा वास मला वेगळे काढता येत नाहीत. आईच्या गिटारीला भाऊंनी एक गोष्ट करून दिली होती. तारा वरच्या टोकाला जिथून खुंट्यांकडे जातात तिथे एक आडवी पट्टी असते. मूळची मोडली तेव्हा भाऊंनी बैलाच्या नळीच्या हाडाचा तुकडा आणला आणि विहाराच्या ओट्यावर, पाणी शिंपडून, दगडावर घासून पट्टी केली. संध्याकाळभर घासत होते. हाड घासताना जळक्या केसांसारखा वास येतो. आम्ही मुलं नाक धरून बघत होतो. आई शेजारी बसून दर थोड्या वेळाने सांगे, "अजून नको, भाऊ. उंच राहू दे. उंच राहू दे."

विमल मला दारात बघून गोंधळली आणि मग एकदम "ताई!" म्हणून गळ्यातच पडली. चहा, पोहे, भाऊंचा फोटो, सगळं झालं. माझ्या यादीतला वेळ केव्हाच संपला होता. शेवटी तिने नवऱ्याला शिडी लावायला सांगितली.

गिटार पांढऱ्या साडीत गुंडाळलेली होती. "बापू म्हणायचा, पार्टीचं आहे, सांभाळ," विमल भाऊंच्या फोटोकडे बघत म्हणाली. "दर जयंतीला काढते, पुसते, फुलं वाहते, ठेवते. वाजवता कुणालाच येत नाही. आमच्या पोरांनी एकदा गळ्यात अडकवून पाहिली. बोटं कापली ताई त्यांची! तारा ह्या एवढ्या उंच. म्हटलं, ठेवा बाबांनो, ही आपल्या कामाची नाही."

साडी सोडवली. लाकूड तसंच होतं. तारा तांबारलेल्या, एक तुटलेली. नख्यांची डबी होती, कांडीही होती. मी सवयीने मोजलं आणि सगळं भरलं.

"आत्या वाजवणार?" विमलने विचारलं. माझ्या आईला ती आत्या म्हणे.

"बघू," मी म्हणाले. तिने साडी काढून घेतली नाही. गिटार साडीसकट माझ्या हातात दिली.

घरी थेट न्यायची नाही असं मी ठरवलं. गंजलेल्या तारांची, धूळ बसलेली गिटार आजारी माणसासमोर ठेवून काय होणार? वस्तू चालू स्थितीत द्यावी, हे मी नोकरीत शिकले आहे. घाटकोपर स्टेशनजवळ गिटारी विकणारं आणि दुरुस्त करणारं एक दुकान आहे. तिथल्या माणसाने ती हातात घेतली, उभी धरली, मानेवरून एका डोळ्याने बघितलं.

"जुना माल आहे, मॅडम. झकास लाकूड. पण तारांची उंची बघा ना. अशी कोण वाजवणार? दाबताच येणार नाही. सेट करून देऊ?"

"करा," मी म्हणाले. "नवीन करतात तशी नीट करा."

दोन दिवसांनी आणली तेव्हा ती सुरेख दिसत होती. पॉलिश चमकत होतं, तारा चांदीच्या. मी ती आईच्या मांडीवर ठेवली. तिने उजवा हात लाकडाच्या कडेवरून फिरवला, वळणावर थांबली, जिथे पूर्वी तिच्या कोपराने रंग उडवला होता. तिथेही आता पॉलिश होतं. मी डाव्या हातात कांडी दिली, बोटं तिच्याभोवती मिटवली. आईने कांडी तारांवर टेकवली आणि पुढे ओढली.

खडखडखड असा आवाज आला. बंद दुकानाच्या शटरवर कुणी काठी ओढावी तसा.

आईने कांडी उचलली. डोळ्यांजवळ नेत गिटारची मान बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"काय केलंस हिचं?"

"दुरुस्त करून घेतली."

"कुणाकडून? लोहाराकडून? तारा खाली कुणी आणल्या? अगं, कांडी मानेवरच्या पट्ट्यांवर आपटतेय! उंच असतात म्हणून तर सरकते ना ती! माझ्या गिटारची तू ती कॉलेजच्या पोरांची उभी गिटार करून आणलीस! वर हाडाची पट्टी होती, ती कुठाय? हे काय आहे? प्लास्टिक? हे प्लास्टिक आहे का?"

"आई, तो माणूस म्हणाला..."

"तो म्हणाला! चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलंस म्हणतेस आणि सामान देताना बघत नाहीस? उंच का असतात ते मला नाही विचारायचं?"

चाळीस वर्षं झालेली नाहीत, पण मी ते बोलले नाही. पावसाळ्यापासून आई सलग इतकं बोललेली नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता. मला आधी तिच्या रक्तदाबाची काळजी वाटली आणि मग नाही वाटली. तिचं म्हणणं खरं होतं. ती मांडीवर ठेवतात एवढं मी लहानपणापासून बघत होते. तारा उंच का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी दुधाकडे बघत असायचे.

मी दुकानात परत गेले. हाडाची पट्टी काढताना तिचे दोन तुकडे झाले होते आणि केर उचलला गेला होता. मी तशीच परत आले. आई अजून गिटार मांडीवर घेऊन बसली होती. पट्टी गेली हे ऐकून तिने मान फिरवली, आणि मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भिंत.

"फोन लाव," ती म्हणाली.

"कुणाला?"

"विमलला. लाव, आणि मला दे."

फोन तिने उजव्या हाताने कानाला लावला. "विमल? आत्या बोलतेय. हो, बरी आहे. रडू नकोस, बरी आहे म्हटलं ना. नवऱ्याला सांग, नळीच्या हाडाचा तुकडा पाहिजे. करंगळीएवढा. उकळून, साफ करून पाठव. नाही गं, सूप नाही करायचं! पट्टी करायची आहे गिटारला. तुझ्या बापाने केलेली ना, ती ह्या माझ्या लेकीने घालवली."

हाड आलं. विमलचा नवरा स्वतः घेऊन आला, डब्यात, कापसात गुंडाळून. मी म्हटलं, चांगला कारागीर शोधते. आईने माझ्याकडे जसं बघितलं त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिने मोरीतला फरशीचा तुकडा मागवला, पाण्याचं भांडं घेतलं आणि गॅलरीत पाटावर बसली. उजव्या हाताने घासायचं तर डाव्याने हाड धरायला हवं. ते निसटायचं. पाण्यात पडायचं. ती शिव्या द्यायची, हाडाला, दुकानदाराला, मला, आणि पुन्हा धरायची. नेहा आली तेव्हा आईने तिला दारातच थांबवलं, "आज लाटणं नको. मला काम आहे." नेहा गॅलरीत डोकावली. आईचा अंगठा आणि पहिलं बोट हाडावर आवळलेलं होतं. नेहाने माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसली. गॅलरीभर जळक्या केसांचा वास पसरला होता.

"आजी, वास कसला?"

"माझ्या लेकीच्या शहाणपणाचा," आई म्हणाली आणि हसली.

असं काही आठवडे चाललं. पट्टी बसली. अगदी सरळ नाही, जाड तारांकडे जरा जास्तच उंच. मग मी तिला पौर्णिमेचं सांगितलं, मामाला दिलेल्या शब्दाचं.

"मला न विचारता कबूल केलंस?"

"हो."

"मग तू बस जाऊन. घाल पांढरी साडी आणि वाजव." पण तिने पार्टीत पेटी कोण धरतं ते विचारलं, आणि नातीचं नाव ऐकून म्हणाली, "तिला पेटीवर काळी एक धर म्हणावं, गाणाऱ्या पोराला तीच बरी."

आता ती रोज बसते, सकाळचा चहा झाला की. कांडी पोलादाची आहे, जड आहे, आणि बोटं अजून नीट मिटत नाहीत. एक सूर सरकतो, जागेवर पोचतो, मनगट हलतं, आणि क्षणभर ती गिटार रडते, अगदी पूर्वीसारखी, आणि मी जिथे असेन तिथे थांबते. मग कांडी सुटते आणि लादीवर ठणकन पडते, घरंगळत कपाटाखाली जाते. सुरुवातीला मी धावत जाऊन उचलून द्यायचे. एकदा आईने हात वर करून मला थांबवलं. आता ती स्वतः वाकते, डाव्या हाताने चाचपते, उचलते. वेळ लागतो. मी स्वयंपाकघरात कांदा चिरते आणि बाहेर जात नाही.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे सावंतकाका होते, कोकणातले, गिरणी बंद झाल्यापासून घरीच असतात आणि दुपारची झोप मोडलेली त्यांना चालत नाही.

"वहिनीनु," माझ्या खांद्यावरून आत बघत ते म्हणाले, "वरसून सारखा काय पडता हा? सकाळधरना ऐकतंय. पडता नि पडताच हा!"

मी माफी मागायला तोंड उघडलं. मागून आईचा आवाज आला, गिटार मांडीवरच होती.

"पडू दे हो, सावंत. पडतंय म्हणजे उचलतेय ना मी."